शिकवलेले हात

आमच्या यांनी करंजघाटात एक बाई चिरडली, असं सांगायला पोलीस आले तेव्हा हे माझ्यासमोर बसून कांदा चिरत होते.

मला हसूच आलं. म्हटलं, "अहो हवालदार, शुद्धीवर आहात ना? सकाळपासून या माणसानं खानावळीचा उंबरा ओलांडलेला नाही. ट्रक सोडूनसुद्धा तीन वर्षं झाली. आता कांदा चिरण्याचा गुन्हा असेल तर सांगा, मी स्वतः बेड्या घालून देते."

हवालदार हसले नाहीत. टोपी काढून बाकावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, गाडीत कुणीच नव्हतं. बिनचालकाची गाडी होती. पण गाडीतले हात हणमंतरावांचे होते."

यांची सुरी थांबली.

"बाई कोण?" मी विचारलं.

"रस्त्याच्या कामावरची. झेंडा घेऊन उभी असायची बघा. सोमली राठोड."

माझ्या हातातला डाव खाली पडला. अहो, सोमली सकाळी माझ्या नळावर पाणी भरून गेली होती. "मावशी, तुझ्या आमटीत आज मीठ हाय का कालच्यासारखं विसरलीस?" असं मलाच चिडवून गेली होती. मी तिला उलटं बोलले होते आणि वर दोन भाकरी जास्त बांधून दिल्या होत्या. ती बाई मेली? आणि आमच्या यांच्या हातानं? मला काही सुधरेचना.

आता हे 'हात' प्रकरण काय आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हालाही माझ्यासारखी भोवळ येईल.

बिनचालकाचे ट्रक सपाटीवर कधीचेच चालायला लागले होते. घाटात मात्र त्यांचं घोडं अडत होतं. धुकं, दरड, समोरून रोंरावत येणारी एसटी, मध्येच बसलेली म्हैस, हे सगळं नियमात बसवायचं तरी कसं? मग कंपनीनं नियम लिहायचं सोडून दिलं आणि माणूस शोधला. घाटातला एकही अपघात ज्याच्या नावावर नाही असा ड्रायव्हर दाखवा म्हणाले. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, हणमंत घाडगे. मी काय फुगले होते तेव्हा! आल्या-गेल्याला सांगत सुटले होते.

यांच्या हातात तारांचे हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा दिला, ब्रेक-क्लचला पट्ट्या लावल्या. पुढं काय दिसतंय ते कॅमेरा बघायचा, आणि ते दिसल्यावर यांचे हातपाय काय करतात ते मोजे-पट्ट्या टिपायच्या. एक अख्खा हिवाळा आणि एक पावसाळा हे नुसते घाट चढले आणि उतरले. कंपनीची इंजिनिअर पोरगी, चैत्राली सोमण तिचं नाव, माझ्याकडेच जेवायची. मी तिला विचारलं, "बाळा, मशीन शिकतं म्हणजे करतं काय?"

"काकू, तुम्ही भाकरी थापायला कशा शिकलात?"

"आईचं बघून."

"झालं तर. ती पाणी किती, पीठ किती असं मोजून सांगत नव्हती. तुम्ही बघितलं आणि केलं. हे मशीनही काकांना लाखो वेळा बघतं. समोर असं असं दिसलं की काकांचे हात असं असं करतात, एवढं ते साठवतं. पुन्हा तसंच काही समोर आलं की तेच करतं. कारण विचारत नाही."

"म्हणजे आमच्या धाकट्या जावेसारखं नाही," मी म्हटलं. "ती पावलागणिक कारण विचारते."

चैत्राली पोट धरून हसली. मीही हसले होते. आज ते हसणं आठवलं तरी नको वाटतं.

मग घाटात मोकळ्या केबिनच्या गाड्या सुरू झाल्या. माझ्या खानावळीचे बाक रिकामे पडले, कारण त्या गाड्या जेवायला थोड्याच थांबतात! यांचे जुने सोबती तोंडावर बोलून गेले, "हणम्या, आमच्या पोटावर पाय दिलास." तेवढ्यापुरतं यांना लागायचं. पण संध्याकाळी हे दारात उभे राहून गाड्या बघायचे. देवळाआधी यांची दोनदा हॉर्न देण्याची सवय, एक लांब आणि एक तुटका. प्रत्येक गाडी तसाच हॉर्न द्यायची. "ऐकलंस? माझाच हॉर्न," असं म्हणताना यांचा चेहरा उजळायचा. आम्हाला मूलबाळ नाही. मला वाटायचं, वाटू दे बापडं.

आणि आता पोलीस दारात.

तांबोळीवकील आमच्या ओळखीतले. त्यांनी नवा कायदा उलगडून सांगितला. गाडीत माणूस नसताना कुणी मेलं, तर आधी कंपनीला धरतात. पण ज्याच्या हातावरून गाडी शिकली, त्यानं शिकवतानाच वाहतुकीचा नियम मोडला असेल आणि गाडीनं तेच उचललं असेल, तर ती गाडी त्यानंच चालवली असं धरायचं. बेदरकारपणे चालवून माणूस मारला तर जी शिक्षा, तीच त्याला. केबिनमध्ये नव्हतो, घरी कांदा चिरत होतो, असलं काही ऐकून घेत नाहीत.

"पण यांनी कधी नियम मोडलाच नाही!" मी ताडकन म्हणाले.

"मग घाबरायचं कारणच नाही," वकील म्हणाले.

हे आपल्या हातांकडे बघत बसले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कोर्टात चैत्रालीला साक्षीला बोलावलं होतं. तिनं कंपनी केव्हाच सोडली होती, आता कोर्टाच्या वतीनं तपासणी करत होती. आमच्याकडे तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पोरगी खंगली होती.

मोठ्या पडद्यावर गाडीला जे दिसलं ते लावलं. रस्ता, डावीकडे उतरतं वळण, कडेला सोमली. अंगात शेंदरी जाकीट, हातात लाल झेंडा, वाऱ्यावर फडफडणारा. गाडीचा वेग बेताचा, सगळं नीट. एक लांब हॉर्न, एक तुटका. आणि मग वळण तोंडावर असताना स्टेअरिंग मोकळं सुटलं. जेमतेम दीड सेकंद. पुन्हा पकडलं, जोरात ब्रेक लागला, पण तोवर गाडीचं तोंड कडेला गेलं होतं. तिथं पडदा काळा केला. माझ्या मागच्या बाकावर सोमलीचा नवरा थावरू बसला होता. त्याच्या घशातून जो आवाज आला, तो माणसाचा आवाज नव्हता.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "समोर माणूस दिसत असताना स्टेअरिंग का सोडलं?"

चैत्राली म्हणाली, "का ते मशीनला विचारता येत नाही. पण कशामुळे ते शोधता येतं. मी हेच चित्र एकेक गोष्ट झाकून मशीनला पुन्हा दाखवलं. बाईंचा चेहरा झाकला, तरी स्टेअरिंग सोडलं. हातपाय झाकले, तरी सोडलं. फक्त जाकीट झाकलं तर धरून ठेवलं. फक्त झेंडा झाकला तरी धरून ठेवलं. शेंदरी रंग आणि फडफडणारं लाल कापड, रस्त्याच्या कडेला, दोन्ही एकत्र दिसली की ते दीड सेकंद सोडतं. माणूस तिथं आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं."

"हे शिकलं कुठून?"

"शिकवणीचं मूळ चित्रण आता नाही. चालकाची खासगी माहिती म्हणून कंपनीनं ते पुसलं. शिकून झालेलं तेवढं ठेवलं. कारण मला सांगता येत नाही."

मला येत होतं ना सांगता! मी यांच्याकडे वळले. यांचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले, बोटं पांढरी पडलेली.

घाटमाथ्यावर करंजाई आहे. देऊळ म्हणायचं आपलं, खरं तर कठड्यावर एक शेंदूर फासलेली शिळा, आणि वेळूच्या काठीला लाल निशाण. तिथून उतार लागतो. घाटातला कुठलाही ड्रायव्हर तिच्यासमोरून हात न जोडता जात नाही. हे तर पद्धतशीर करायचे. आधी हॉर्न देऊन वर्दी, मग आरशात बघून गिअर खाली, मग दोन्ही हात सोडून नमस्कार, बोटं कपाळाला, आणि परत स्टेअरिंगवर. रस्ता तिथं सुतासारखा सरळ, त्यामुळे काही बिघडायचं नाही. मी शेजारी बसायची तेव्हा मीही जोडायची. नियम मोडतोय असं कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

बाहेर चिंचेखाली तांबोळीवकील खुशीत होते. "सुटलात! कारण कळत नाही म्हणजे दोष कुणाचाच नाही. सोमवारपासून गाड्या पुन्हा सोडायला कंपनीला परवानगी मिळतेय. मंगळवारी तुम्हाला एकच प्रश्न विचारतील, शिकवताना नियम मोडून काही केलं का? नाही म्हणायचं. घरी जायचं."

"आणि हो म्हटलं तर?" यांनी विचारलं.

वकिलांनी यांच्याकडे नीट बघितलं. "तर पाच-सात वर्षं आत. कशाला विचारताय?"

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. "एक शब्द काढायचा नाही. ऐकलंत? साखर आहे तुम्हाला, गुडघे गेलेत. तुरुंगात मराल."

"वैजू, गाडीला ती देवी वाटली गं," हे म्हणाले. "सोमली. देवी समजून हात सोडले गाडीनं."

"गाडीला कसली डोंबलाची देवी! मशीन आहे ते."

"तेच तर. देवी मला कळायची. गाडीला तेवढं हात सोडायचं कळलं."

"मग कंपनीला कळू नये? एवढी शिकलेली माणसं, त्यांना दिसलं नाही तुम्ही काय करताय ते? त्यांना धरा! थावरूनं केस घालावी त्यांच्यावर. तुम्ही काय कुणाला मारायला गेला होतात? नमस्कार केलात. सगळे करतात. त्याला फाशी द्यायची का आता?" मी बोलत सुटले. जे तोंडाला येईल ते. शेवटी रडायला लागले. "मला एकटीला टाकून जाणार आहात का तुम्ही?"

यांनी माझ्याच पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं. नाही बोलत." आणि न जेवता आडवे झाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी मी आमटीला फोडणी देत होते, तेवढ्यात नळावर भांडं वाजलं. सोमलीची धाकटी बहीण, जमनी. अंगात शेंदरी जाकीट, कोरं करकरीत. काखेत झेंडा.

"तू कशी गं इथं?"

"दीदीच्या जागेवर घेतलं मला," ती म्हणाली. "भावजीला उभंच राहवत नाही त्या वळणावर. आज इथंच काम हाय, तुमच्या खानावळीसमोर." घागर भरून ठेवली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. झेंडा उलगडला. वाऱ्यानं तो फडफडायला लागला.

आणि वरून हॉर्न आला. एक लांब, एक तुटका.

हा हॉर्न मी जन्मभर ऐकलाय. दहा गाड्यांतून ओळखायचे आणि तवा चढवायचे, कारण हे घरी येतायत. आज तोच हॉर्न जमनीच्या अंगावर येत होता. डाव हातात तसाच, पायात चप्पल नाही, मी रस्ता ओलांडून धावले. जमनीच्या अंगावरचं जाकीट ओरबाडलं, झेंडा हिसकला आणि तिला घेऊन गटारात पडले. गाडी आली. मोकळी केबिन, स्टेअरिंग आपलं आपण हळूच फिरतंय. अगदी शिस्तीत, कड सांभाळून, यांच्यासारखंच वळण घेऊन गेली.

"मावशी! काय झालं मावशी? याड लागलं का तुला?" पोरगी गटारातून उठत ओरडली.

मला तिला काहीही सांगता येईना. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि आज एक जाकीट ओढलं मी. उद्या? दुसऱ्या घाटात? या राज्यात कुठल्या कुठल्या वळणावर आमच्या यांचे हात फिरतायत आणि तिथं कोण शेंदरी जाकीट घालून उभं आहे, ते मला कुठं ठाऊक?

मी घरात गेले. हे अंथरुणावर बसून होते. हॉर्न यांनीही ऐकला होता.

"उठा," मी म्हटलं. "सदरा घाला. मंगळवारची वाट बघायची नाही. आत्ता जायचं आणि सांगायचं."

यांनी माझ्या हातातलं जाकीट बघितलं. "वैजू, तूच म्हणालीस ना..."

"म्हणाले होते! मी काय देव लागून गेले? उठा आधी."

कोर्टात यांनी सगळं सांगितलं. तांबोळीवकिलांनी कपाळावर हात मारला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, प्रत्यक्ष बघायचं. लगेच हुकूम काढून सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या आणि दुसऱ्या दिवशी अख्खं कोर्ट घाटमाथ्यावर आणलं. केबिनमध्ये न्यायाधीशबाई आणि चैत्राली बसल्या, आम्ही खाली उभे. गाडी अगदी हळू करंजाईसमोरून गेली. लांब हॉर्न, तुटका हॉर्न, आणि काचेतून आम्हाला स्वच्छ दिसलं. स्टेअरिंग सुटलं. जितका वेळ हे हात जोडायचे, तितकाच वेळ. मग परत धरलं.

चैत्राली वरूनच ओरडली, "सरळ रस्ता म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही! आम्हाला वाटायचं, सरळ रस्त्यावर काकांचा हात हलका असतो. चांगली सवय म्हणून ठेवली आम्ही ती!" आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

मग पुढं साध्या रस्त्यावर एक बांबू रोवला. थावरूनं स्वतः त्याला जाकीट घातलं, झेंडा बांधला आणि बाजूला झाला. गाडी आली. हॉर्न दिला. बांबूसमोर पुन्हा दीड सेकंद स्टेअरिंग मोकळं. न्यायाधीशबाई खाली उतरल्या त्या गाडीचं दार धरूनच उभ्या राहिल्या. आमचे हे तेवढे खाली वाकले आणि थावरूच्या पायांना हात लावला. थावरूनं पाय मागं घेतले नाहीत आणि यांना उठवलंही नाही. म्हणाला, "मला वाटलं, कुणी सांगणारच न्हाई."

गाड्या कायमच्या बंद झाल्या. कंपनीवर वेगळा खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. यांना पाच वर्षं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमच्या मनात पाप नव्हतं हे मी मानते. तुम्ही आपणहून सांगितलंत, त्यामुळे किती जीव वाचले याची गणती नाही. पण चालत्या ट्रकचं स्टेअरिंग सोडणं हा बेदरकारपणाच आहे, मग हात कशासाठीही जोडलेले असोत. इतकी वर्षं काही झालं नाही ही तुमची हुशारी नव्हती. ते नशीब होतं." मला इतका राग आला बाईंचा. उठून भांडावंसं वाटलं. भांडायला मुद्दा मात्र सापडला नाही. हे नुसते मान हलवत होते, शाळेतल्या पोरासारखे.

पहिल्या भेटीला मी एसटीनं निघाले. डब्यात बिनसाखरेचे लाडू. पुढचीच सीट मिळाली, ड्रायव्हरच्या मागची. चांगला वयस्क माणूस होता, बेतानं चालवत होता. घाटमाथा आला, करंजाईची शिळा दिसली, निशाण फडफडत होतं. गाडीतल्या बायाबापड्यांनी हात जोडले. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, गिअर खाली टाकला आणि दोन्ही हात वर घेतले.

"धरा!" मी किंचाळले. "स्टेअरिंग धरा! आधी धरा ते!"

अख्खी गाडी दचकली. ड्रायव्हरनं घाबरून स्टेअरिंग पकडलं. "काय झालं ओ मावशी? देवीला नमस्कार करत होतो."

"तुम्ही नका करू," मी म्हटलं. "तुम्ही धरून ठेवा. तुमच्या वाटणीचा मी करते."

आणि त्याच्या हातांवरची नजर न काढता मी माझे हात जोडले.